तिकोनी काचेचा खटका

वडगावात आमचे माग बंद पडले
तेव्हा शेडमध्ये उरला एक खड्डा,
ज्यात बाबांचे पाय चाळीस वर्षं
पावड्या दाबत होते.
मी तो छातीएवढा खोल केला,
काठाला फळ्या ठोकल्या
आणि वर उभी केली फियाट,
ब्याण्णव सालची,
कॅम्पातल्या मिनेझिस बाईंच्या चिंचेखालून
टेम्पोला दोर बांधून ओढत आणलेली.
सरसू म्हणाली, दात पडलेली म्हैस आणलासा.
म्हटलं, दात मिळतात.

मिळाले पण. एकेक.
वायपरची मोटर निपाणीच्या भंगारात,
तंबाखूच्या पोत्यांमागे, शिंकत शिंकत.
डिस्ट्रिब्युटरची टोपी हुबळीच्या एका काउंटरवर,
पुडा सोडताना म्हातारा म्हणाला, ही शेवटचीच.
दस्तगीर मिस्त्रींनाही गेल्या साली
त्यानं शेवटचीच दिली होती.
रेडिएटरचा पाइप मिळाला नाही,
ट्रॅक्टरचा कापून घातला, तो बरा बसला.
वॉटर पंपाचा दांडा उद्यमबागेत
संगप्पानं लेथवर उतरवून दिला;
पैसे विचारले तर म्हणाला,
आधी इंजिन बोलू दे.

दस्तगीर मिस्त्री दर रविवारी येत,
कानात अत्तराचा बोळा,
खड्ड्यात उतरून नुसता हात वर करत
आणि मी हातात पाना ठेवायचा,
चुकीचा, बहुतेक वेळा.
"नट आवळूलालास की
तुटल्या धाग्याला गाठ मारूलालास?"
मला दुसरं काय येत होतं?

इंजिन बोललं एका मंगळवारी, वीज गेलेली असताना.
गल्ली धुरानं भरली.
सरसूनं आधी पीठ झाकलं, मग बाहेर आली.

राहिला एक खटका.
ड्रायव्हरच्या दाराला जी तिकोनी काच असते,
वारा आत वळवणारी,
तिचा बोटभर खटका.
त्याच्यावाचून गाडी चालते. मला चालेना.
संकेश्वर, गडहिंग्लज, पुन्हा हुबळी;
मग कुणीतरी सांगितलं, गोकाकच्या अलीकडे
एका मळ्यात फियाट आहे,
खरं तिच्यात कोंबड्या बसतात.

बसत होत्या. मागच्या सीटवर, अंड्यांसकट.
नीलव्वा ओट्यावर शेंगा फोडत होत्या.
मी बोटानं खटका दाखवला, मग पैसे दाखवले.
पैशांकडे त्यांनी पाहिलं नाही.
उठल्या, ड्रायव्हरच्या दारापाशी गेल्या,
खिडकीच्या काठावर तळहात ठेवला,
जिथं कुणाच्या तरी कोपरानं रंग घासून घासून
पत्रा उघडा पडला होता.
"बलगडेदु ब्याड," म्हणाल्या. "एडगडेदु तगो."

मला उजवाच हवा होता.
माझं कन्नड बाजारापुरतं:
सुताचा दर, माप, उरलेले पुढच्या शनिवारी.
उजव्या खटक्याची गोष्ट त्यात मावत नव्हती.
मावली असती कदाचित,
खरं त्या हाताकडे बघून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला
आणि पलीकडच्या बाजूला गेलो.
निघताना त्यांनी चार अंडी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तीन घरापर्यंत टिकली.

आता तो डावा माझ्या उजव्या दाराला आहे.
उलटा बसतो.
उघडायचं तर लावल्यासारखा फिरवायचा,
लावायचं तर उघडल्यासारखा.
मिस्त्री म्हणतात, संगप्पाकडून सुलटा करून घे,
दोन तासांचं काम.
घेतो म्हणतो.
तीन महिने झाले.

संध्याकाळी पिरनवाडीपर्यंत जाऊन येतो.
सरसू शेजारी, पदर कानामागे खोचून,
तिच्या बाजूचा खटका शहाण्यासारखा फिरतो.
माझी धडपड बघून ती विचारते,
"तुमच्याकडचा वारा उलटा येऊलालाय काय?"
"नाही," म्हणतो,
"गोकाकवरून येऊलालाय."